साड्यांच्या घडीखालचा रिपोर्ट

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते. लिहिणाऱ्या ताईंचं वय ३८. यजमानांचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान आहे. लग्नानंतर सात वर्षं त्याही तिकडेच होत्या. मुलांच्या शाळेसाठी गावी परतल्या आणि आता सासू-सासरे, तेरा वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा यांच्यासोबत राहतात. यजमान दिवाळीला आणि गावच्या यात्रेला येतात.

तीन महिन्यांपूर्वी गावात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी शिबिर झालं. आशाताईंनी आग्रह केला म्हणून त्या गेल्या. तीन आठवड्यांनी रिपोर्ट हातात आला : एचपीव्ही पॉझिटिव्ह, पुढच्या तपासणीला यावे. मोबाइलवर शोधलं तर हा विषाणू शरीरसंबंधातून येतो असं वाचायला मिळालं. त्या लिहितात, "मी परक्या पुरुषाची सावली अंगावर पडू दिली नाही. मग हे त्यांच्याकडून आलं का? आणि त्यांना सांगितलं तर ते माझ्यावरच संशय घेणार नाहीत कशावरून?" रिपोर्ट त्यांनी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आहे. एका खाजगी दवाखान्यात दाखवला, तर "मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका, डोक्याला ताप नको" असं सांगितलं गेलं. सासूबाईंना एवढंच ठाऊक, की सुनेनं पांढरं जातंय म्हणून तपासून घेतलं. त्या म्हणतात, "काही दुखत-खुपत नसताना कशाला गेलीस? माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली, अजून कधीमधी लाल दिसतं, मी कुठं डॉक्टरकडं पळाले?"

पत्राचा शेवट असा : "शिबिराला गेलेच नसते तर बरं झालं असतं. आता पिशवी काढून मोकळी होऊ का?"

उत्तर :

ताई,

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तुम्हाला कॅन्सर झालाय असं तो रिपोर्ट म्हणत नाही. तुमच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी सध्या एक विषाणू आहे, एवढंच तो म्हणतो. तो कधी आला, कुणाकडून आला, पुढे काय करणार, यातलं काहीही त्या कागदाला माहीत नाही. तुम्ही मात्र दोन महिने त्या कागदाकडून हीच सगळी उत्तरं मागत बसला आहात, आणि तो गप्प आहे म्हणून मनाशीच वाईटात वाईट उत्तरं जोडत आहात.

मी सांगली-मिरजेत तीस वर्षं बायकांचे दवाखाने चालवले. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकल्यावर बाईचा चेहरा कसा उतरतो ते मी रोज पाहिलं आहे. या शब्दाला आपल्याकडे आधीच एचआयव्हीचा वास लागला, मग कोरोनाचा. एचपीव्हीचं तसं नाही. या विषाणूचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. हातापायावर चामखीळ येते तीही यातल्याच काहींमुळे. जननेंद्रियांच्या भागात राहणारे प्रकार इतके सर्रास आहेत, की लग्न झालेल्या, संसार केलेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्यांचा संसर्ग होऊन जातो. ताप येत नाही, खाज नाही, काही कळत नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत तो आपला आपण घालवतं.

उरतात त्यातल्या मोजक्या. धोक्याचे म्हणता येतील असे यातले चौदाएक प्रकार आहेत, आणि त्यातही सोळा आणि अठरा हे दोन नंबर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण सत्तर टक्क्यांना जबाबदार आहेत. हा कॅन्सर एचपीव्हीमुळे होतो हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. त्या शोधानं आम्हा डॉक्टरांच्या हाती एक मोठी गोष्ट आली : वेळ. विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसला, तरच पेशी बिघडू लागतात, आणि बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एवढ्या काळात त्याला कधीही गाठता येतं. तुमच्या भागात द्राक्षबागा आहेत. पानावर डाऊनी रोगाचा ठिपका दिसला की माणूस त्याच दिवशी बागेत उतरतो. घड कुजायची वाट बघत नाही, आणि ठिपका दिसला म्हणून बागेवर कुऱ्हाडही चालवत नाही. तुमच्या रिपोर्टला मी तो ठिपका म्हणेन. कदाचित तोही नाही, ठिपका पडायच्या आधीची दमट हवा.

आता तुम्हाला रात्री झोपू देत नाही त्या गोष्टीकडे येते.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे मोबाइलवर वाचलंत ते खरं आहे. पण ते अर्धंच आहे. तो कातडीला कातडी लागून पसरतो, आणि एकदा आला की वर्षानुवर्षं इतका गप्प राहू शकतो, की कुठल्याच तपासणीत सापडत नाही. मग कधीतरी डोकं वर काढतो. आज सापडला म्हणजे आज किंवा यंदा आला, असं कुठलाही डॉक्टर, कुठलीही लॅब सांगू शकत नाही. तुमच्या लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. तो पहिल्या वर्षापासून तुमच्या अंगात असू शकतो. यजमानांना लग्नाआधी कधी झालेला, त्यांना स्वतःलाही पत्ता नसलेला संसर्ग असू शकतो. पुरुषांमध्ये तो बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही आणि त्यांच्यासाठी अशी नेहमीची तपासणीही नाही, त्यामुळे ‘त्यांना तपासून खात्री करू’ हाही मार्ग नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मागे दिसतं ते बोलून टाकते. नवरा वर्षातले दहा महिने परगावी. गावातल्या बायका पारावर, नळावर काय बोलतात ते तुमच्या कानावर येत असणार. गलाईवाल्यांच्या घरात आणि माण-खटावकडे मुंबईत माथाडीला गेलेल्यांच्या घरात ही शंका वर्षानुवर्षं चुलीजवळ बसलेली असते. ती खरी की खोटी ते मला माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की हा रिपोर्ट त्या शंकेचा पुरावा होऊ शकत नाही. यजमानांच्या विरुद्ध नाही आणि तुमच्याही विरुद्ध नाही. दुसऱ्या काही कारणानं, त्यांच्या वागण्यामुळे, तुमच्या मनात काही असेल तर ते वेगळं बोला, वेगळं तपासा. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत आणि गुप्त होते, आणि ती करून घ्या असं मी तुम्हाला तसंही सांगणार होते. त्याचं कारण संशय नव्हे. एचआयव्ही असलेल्या बाईत हा कॅन्सर लवकर होतो, म्हणून तिची तपासणी पंचविशीपासून आणि जास्त वेळा करावी लागते. डॉक्टरांना पुढचं ठरवायला ती माहिती लागते.

तुम्ही एकट्या नाही, हे नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही. आपल्या सोलापूरपलीकडच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, या आजारावरचं जगभर गाजलेलं काम झालं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून खेड्यापाड्यातल्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांना त्यात घेतलं. तुमच्या-माझ्यासारख्याच बायका : शेतात राबणाऱ्या, लहान वयात लग्न झालेल्या, डॉक्टरपुढे पाय उघडायचे म्हटल्यावर पदर तोंडाशी नेणाऱ्या. ज्यांची एचपीव्ही तपासणी झाली, त्यातल्या सुमारे दहा टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. दहातली एक. तुमच्या बचत गटात वीस जणी असतील तर त्यातल्या दोघी. त्या दोघी कोण ते चेहरा बघून, चालचलणूक बघून तुम्ही ओळखून दाखवाल का?

त्याच अभ्यासात तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तरही आहे. ‘गेलेच नसते तर बरं झालं असतं.’ आठ वर्षं त्या बायकांकडे लक्ष ठेवलं गेलं. ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदाच एचपीव्ही तपासणी मिळाली, त्यात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. ज्या गटाची अशी तपासणी झाली नव्हती, त्यात ६४. त्या गटाला तपासणी न देता नुसती माहिती दिली, यावर पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. ते आकडे वाचताना त्या ६४ जणींवरून माझी नजर पुढे सरकत नाही. त्यांच्याही गावात ‘काही होत नाही तर कशाला जायचं’ म्हणणारं कुणीतरी असेलच. तेव्हा ताई, तुम्ही गेलात ते फार बरं केलंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधीतरी करून घेतलेल्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. आणि वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना आपल्या देशात हा कॅन्सर होतो, ऐंशी हजारांच्या घरात दगावतात.

माझ्या उमेदीच्या काळातली एक बाई मला आजही आठवते. जतकडची होती. ओपीडीत सत्तर-ऐंशी पेशंटची रांग होती, तिनं खालच्या आवाजात सांगितलं, "पांढरं जातंय, वास येतो." मी टेबलवर न घेता गोळ्या लिहून दिल्या. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा आजार मूत्राशयापर्यंत गेला होता. त्या दिवशी मी तिला पाच मिनिटं दिली असती तर काय झालं असतं, हे मी कित्येकदा मनाशी घोळवलं आहे. तेव्हापासून माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेली एकही बाई तपासल्याशिवाय गेली नाही.

आता पिशवी काढण्याबद्दल. यावर मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका.

नुसता एचपीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट हे गर्भपिशवी काढण्याचं कारण होत नाही. कधीच नाही. जगातल्या कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत ते बसत नाही. विषाणू पिशवीत भरून ठेवलेला नसतो, की पिशवी काढली आणि तोही गेला. तो योनीमार्गाच्या आवरणातही राहू शकतो. काही ऑपरेशनांमध्ये पिशवी काढतात आणि तोंड तसंच ठेवतात, म्हणजे ज्या जागेसाठी एवढा खटाटोप तीच मागे राहते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर अडतिसाव्या वर्षी तुमची पाळी कायमची जाईल : अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका लवकर. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला हे सगळं पुढची चाळीस वर्षं भोगायचं असतं.

‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवीला जखम आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’ या वाक्यांवर आपल्या भागात किती पिशव्या गेल्या त्याची मोजदाद नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये इतकं पेटलं, की सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायका हंगामात आपल्याच कारखान्यांच्या फडात येतात. त्यांना कॅन्सरची भीतीच दाखवली गेली होती. म्हणून ज्यांना ज्यांना कुणी ‘काढून टाका’ म्हणतं, त्या प्रत्येकीनं एकच विचारावं : तुकडा तपासलाय का, आणि त्या तपासणीच्या कागदावर काय लिहिलंय? तो कागद नसेल तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. काही वेळा पिशवी काढणं खरोखर गरजेचं असतं, ते मी नाकारत नाही. तुमच्या बाबतीत ती वेळ आलेली आहे असं आजच्या कागदावरून कुणालाच म्हणता येत नाही.

मग करायचं काय? रिपोर्ट साडीखालून काढा आणि नीट वाचा. त्यावर सोळा किंवा अठरा हा प्रकार लिहिलाय का ते बघा. असेल तर पुढची पायरी सरळ कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड बघणं. नुसतं ‘हाय रिस्क पॉझिटिव्ह’ असेल, तर डॉक्टर आधी पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा व्हीआयए (तिथं अॅसिटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं) करून बघतील, त्यात काही दिसलं तर कोल्पोस्कोपी, नाही दिसलं तर ते सांगतील त्या मुदतीनं, साधारण वर्षभरानं, परत एचपीव्ही तपासणी. तोवर अनेकींचा विषाणू गेलेला असतो. दोन्ही वाटा ऐकून घ्या. माझं मत विचाराल तर थेट स्त्रीरोग विभागातच जा. दोन महिने आधीच गेलेत, आणि तुमच्यासारख्या मनानं खचलेल्या बाईला नीट बघून मिळालेलं उत्तर लवकर हवं.

कोल्पोस्कोपीला गावाकडे ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात आणि त्यामुळे बायका घाबरतात. पोटाला भोकं पाडून घालतात ती दुर्बीण वेगळी. ही तपासणी बाहेरूनच होते. शिबिरात झोपवलं होतं तसंच झोपवतात, तसंच यंत्र लावून पिशवीचं तोंड दिसेल असं करतात, त्यावर पातळ अॅसिटिक अॅसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच, कापसानं लावतात. बिघडलेल्या पेशी असल्या तर ती जागा पांढरट दिसू लागते. डॉक्टर भिंगातून ती न्याहाळतात. थोडं चुरचुरतं. दहा-पंधरा मिनिटांत होतं. शंका आली तर तांदळाएवढा तुकडा घेतात. चिमटा काढल्यासारखं वाटतं, नंतर दोन-तीन दिवस थोडे डाग दिसतात. आणि तुकडा घेतला की कॅन्सर पसरतो, ही समजूत मनातून काढून टाका. त्या भीतीपायी तुकडा द्यायला नकार देऊन घरी गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पाळी चालू असताना जाऊ नका. आदल्या दोन दिवसांत आत कुठली गोळी किंवा मलम वापरू नका, संबंध टाळा.

तुकड्याच्या रिपोर्टवर सीआयएन, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड, एक, दोन किंवा तीन असं काही लिहून येईल. एक असेल तर ते बहुधा आपोआप जातं, नुसतं लक्ष ठेवायचं. दोन-तीन असेल तर ती जागा गारठवून, शेकून किंवा विजेच्या तारेनं कापून काढतात. सकाळी जायचं, बहुतेक वेळा संध्याकाळी घरी. पिशवी जागेवर, पाळी जागेवर. समजा त्याच्या पुढचं काही निघालंच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तुमच्या बाबतीत ती वेळ येण्याची शक्यता कमी आहे. पण खर्चाच्या भीतीनं कुणी तपासणी टाळू नये, म्हणून हे इथं लिहिलं.

या विषाणूवर गोळी नाही, इंजेक्शन नाही, काढा नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. विडी-सिगारेटच्या धुरानं त्याला घालवणं शरीराला जड जातं. मिसरी लावत असाल तर तीही सोडा, तोंडाच्या कॅन्सरला तेवढं एक कारण कमी.

आणि हो, पुढच्या तपासणीला जायला नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात, तुमचा होकार पुरतो. पण लागत नाही म्हणून सांगायचंच नाही, असं मी म्हणणार नाही. सोळा वर्षांच्या संसारात अशी गोष्ट एकटीनं वाहायची नसते. फक्त कधी सांगायचं हे तुम्ही ठरवा. दुकान बंद झाल्यावर रात्री साडेनऊला फोनवर, शेजारी कामगार पोरं जेवत असताना सांगितलं, तर ते अर्धंच ऐकतील आणि उरलेलं त्यांच्या डोक्यात रात्रभर वाढेल. यात्रेला येईपर्यंत थांबलात आणि तपासणीही तोवर थांबवलीत, तर तेही चुकीचं. तपासणी आधी करा. मग निवांत वेळ ठरवून सांगा, त्यांना त्या वेळी एकटं बसायला सांगा. शब्द काय वापरावेत ते सुचत नसेल तर हे घ्या, तुमच्या बोलीत वळवून : "अहो, गावात शिबिर होतं, तिथं तपासून घेतलं. पिशवीच्या तोंडाशी एक व्हायरस निघाला. दहातल्या एका बाईला निघतोच म्हणतात. कॅन्सर नाही, पुढं होऊ नये म्हणून तपासलं. हा अंगात किती वर्षं गप्प बसून असतो ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, त्यामुळं तुमचा नाही नि माझा नाही, दोष कुणाचाच नाही." सुरुवात ‘हा संबंधातून येतो’ इथून करू नका, पण त्यांनी विचारलं तर लपवूही नका. वाटल्यास हे पत्र वाचायला द्या. त्यांच्याशी संबंध तोडायची गरज नाही. निरोधनं संसर्गाची शक्यता कमी होते, पूर्ण थांबत नाही.

तरीही आरडाओरडा झाला, हात उगारला गेला किंवा घराबाहेर काढायची भाषा झाली, तर तो प्रश्न विषाणूचा राहत नाही. तेव्हा मला परत लिहा आणि तोवर माहेरी कळवा.

तुमच्या मुलीचा उल्लेख तुम्ही एका ओळीत केलात. तेरा हे वय या विषाणूवरच्या लशीसाठी अगदी योग्य आहे. पंधरा पूर्ण व्हायच्या आत दिली तर लशीच्या कंपन्यांच्या सूचनेप्रमाणे दोनच डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधरानंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली सर्व्हाव्हॅक ही आपली लसही आता उपलब्ध आहे. सोळा आणि अठरा हे दोन्ही नंबर तिच्यात येतात. ‘ही लस दिली तर पोरगी बिघडेल’ असं कुणी म्हणेल. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं म्हणून कुणी मुद्दाम खिळ्यावर पाय देत नाही. सरकारी केंद्रात ती कधी मिळते ते आशाताईंना विचारा. तुमच्या अंगातला आजचा विषाणू मात्र लशीनं जाणार नाही, त्यामुळे तुमच्यासाठी तपासणीच. मुलीलाही पुढे तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, लस घेतली तरी.

इथपर्यंत मी तुमच्याबद्दल लिहिलं. आता पत्रातल्या ज्या वाक्यावर मी दचकले ते सांगते. ते तुमचं नव्हे, सासूबाईंचं.

पाळी जाऊन बारा वर्षं झाली आणि अजून कधीमधी लाल दिसतं. ताई, तुमच्या घरात तातडीनं डॉक्टरकडे जायला हवं असं कुणी असेल, तर त्या आहेत. तुमच्या रिपोर्टपेक्षा हे मला जास्त काळजीचं वाटतं. पाळी कायमची गेल्यावर अंगावरून गेलेला एक थेंबही उष्णतेचा, कष्टाचा किंवा वयाचा म्हणून सोडून द्यायचा नसतो. बहुतेकींमध्ये आतलं आवरण पातळ पडल्यानं किंवा एखाद्या साध्या गाठीमुळे होतं. काहींमध्ये मात्र तोच पिशवीच्या तोंडाचा किंवा पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघतो. ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि त्यांना शिबिरातली तपासणी पुरणार नाही. शिबिर असतं काही तक्रार नसलेल्या बायकांसाठी. ज्यांना लक्षण आहे त्यांना आत यंत्र लावून तपासणं, सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघणं आणि गरज पडली तर तुकडा घेणं, हे सगळं लागतं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, घाण वासाचं पाणी, हेही याच रांगेत बसतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या घरातल्या पन्नाशी-साठीच्या बाईला एकदा विचारा. त्या आपणहून सांगत नाहीत. तुमच्या सासूबाईंनीही सांगितलं ते तुम्हाला गप्प करायला, स्वतःचं दुखणं म्हणून नव्हे.

त्यांना कसं न्यायचं? ‘तुम्हाला कॅन्सर असेल’ म्हणालात तर त्या उंबरा ओलांडणार नाहीत. माझ्या अनुभवात सासवा स्वतःसाठी येत नाहीत, पण सुनेला सोबत म्हणून येतात. खोटं बोलायचं काही कारण नाही, कारण तुम्हाला खरंच सोबत हवी आहे. म्हणा, "आत्या, माझ्या तपासणीत जरा काहीतरी निघालंय, मोठ्या दवाखान्यात दाखवायचंय. मला एकटीला भीती वाटते. तुम्ही चला. आणि गेलोच आहोत तर तुमचं लाल जातंय तेही दाखवून येऊ." हेच वाक्य तुमचं दोन महिन्यांचं ओझंही थोडं हलकं करेल. ज्या बाईपासून तुम्ही रिपोर्ट लपवत होता, ती बाकावर तुमच्या शेजारी बसलेली असेल.

आशाताईंकडून आधी फोनवर विचारून घ्या, की कोल्पोस्कोपी कुठल्या वारी असते. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, दोन्ही तुम्हाला जवळ आहेत. साताऱ्याकडच्या वाचकांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात विचारावं. विट्याहून सकाळची पहिली एसटी धरा, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि तो रिपोर्ट पिशवीत टाका. खिडकीवर उभ्या राहिलात की केसपेपर दोन काढा, आणि सासूबाईंचा आधी आत पाठवा.